सरकून बसणारी माणसं

मुक्कामपोस्ट_शाळा
सोमवार, रात्री ९:४०

बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते.

२००९ च्या जूनमध्ये शिक्षणसेवक म्हणून माझी पहिली नेमणूक श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात झाली. माझं माहेर कोल्हापूरकडचं. वय बावीस, मानधन महिना ३,००० रुपये, आणि त्याआधी मी घराबाहेर एकटी कधी राहिले नव्हते. वडील सोडायला आले होते. दोन दिवस आम्ही खोली शोधली. एका घरी आडनाव विचारलं, मग गाव, मग "पाव्हणे कोण लागतात तुमचे", आणि शेवटी "बघून सांगतो". दुसरीकडे सरळच सांगितलं की एकट्या बाईला आम्ही ठेवत नाही. संध्याकाळी पारावर बसलो होतो तेव्हा कुणीतरी म्हणालं, नर्सबाईंकडे विचारा.

नर्सबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या साठीच्या आजी. घरात त्या आणि आजोबा, दोघंच. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते, "जेवलात का?" वडिलांनी भाड्याचं काढलं तर म्हणाल्या, "पगार सुरू होऊ द्या तिचा. पहिले तीन महिने कधी वेळेवर येतो का सरकारचा पगार?" (खरंच आला नाही. चौथ्या महिन्यात आला.)

वडील शेवटच्या एसटीनं परत गेले. रात्री आठला वीज गेली. मी खोलीत अंधारात बसून रडत होते, तेवढ्यात पलीकडून पेटीचा आवाज आला. उठून दारापर्यंत गेले. सतरंजी अंथरलेली, कंदील मधे, आजोबांच्या मांडीवर जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आजी पेटीवर. मी उंबऱ्यातच थांबले. आपल्याला चालेल की नाही, त्यांना चालेल की नाही, काहीच कळेना. आजोबांनी वर पाहिलं, काही बोलले नाहीत, हातानं सतरंजी झटकली आणि एका अंगाला सरकून बसले. आजी म्हणाल्या, "ये, बस. उंबऱ्यात उभं राहू नये."

मग आजींनी प्रार्थना केली. मला प्रार्थना म्हणजे पाठ केलेलं काहीतरी असतं एवढंच ठाऊक. आजी तर समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलत होत्या. "बापा, आज घरात एक लेकरू आलंय. तिची आई तिकडं जागीच असंल, तिला झोप लागू दे. उद्या शाळेत पोरांनी हिला त्रास देऊ नये. धाकट्याच्या नोकरीचं तुला ठाऊकच आहे. आणि आपली म्हैस आज चाऱ्याला तोंड लावीना, तिच्याकडं बी बघ."

माझी आई जागी असेल हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

चार वर्षं राहिले मी त्या घरात. कुणी मला चर्चला चल म्हटलं नाही, पण मी गेले की जागा असायची. आज मी मुलांना शिकवताना, घरी कुणी आलं तर, नव्या बाई शाळेत रुजू झाल्या तर, मला ते आजोबांचं सरकून बसणं आठवतं. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे काय, हे मला आधी त्या हालचालीतून कळलं, त्यातलं तत्त्व नंतर समजत गेलं.

तुमच्यापैकी कुणाला अशी माणसं भेटली आहेत का? मोठ्या संस्था, मोठी नावं असतील तरी लिहा, पण घरातलं, रस्त्यातलं, दवाखान्यातलं असेल तर आधी ते लिहा.

---

रानवाट
सोमवार, रात्री १०:१५

म्हशीसाठी प्रार्थना वाचून आमच्या आजीची आठवण आली. ती पांडुरंगाला असंच सांगायची, शेरडांची नावं घेऊन.

त्या भागात होतात म्हणजे सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची यात्रा पाहिली असेलच. आम्ही राहात्याचे. लहानपणी चुलत्यांबरोबर पायी जायचो. आम्ही हिंदू, पण चुलतीचा नवस होता. वाटेवर वस्त्यांमधली माणसं पाण्याचे हंडे घेऊन उभी असायची, त्यात सगळ्या जातीधर्माची असायची. त्या गर्दीत कोण कुठला हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

---

केळीची_बाग
मंगळवार, सकाळी ७:०५

मी वसईची, कॅथलिक. धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून लिहायला बसले.

आमच्याकडे जवळपास प्रत्येक आळीला एक क्रूस असतो. दगडी चौथरा, वर पांढरा चुना दिलेला क्रूस. मे महिन्यात संध्याकाळी आळीतली माणसं तिथं जमून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात आणि शेवटी चणे किंवा केळी वाटतात. आता आमच्या आळीत निम्म्या चाळी बाहेरून आलेल्या लोकांच्या आहेत, उत्तर प्रदेशातले, कोकणातले, आंध्रातले. त्यांची पोरं चण्यासाठी येतात. पूर्वी काही जण कुरकुरायचे की ही पोरं नुसती खायला येतात. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या आयनं त्यावर काय केलं, तर चणे आधी वाटायला सुरुवात केली. रोजरीच्या आधी. मग ज्याला थांबायचं तो थांबे, ज्याला पळायचं तो पळे. बरीच थांबायची. त्यातला एक मुलगा आज आमच्याकडचा इलेक्ट्रिशियन आहे आणि क्रुसावरची दिव्यांची माळ दरवर्षी तोच लावून देतो, पैसे घेत नाही.

दुसरी गोष्ट २०१८ च्या जुलैची. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं आणि गाड्या बंद पडल्या ते तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे वीज नव्हती, रस्ते पाण्याखाली. आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या) हॉलमध्ये अडकलेली माणसं आणली. मी भात-डाळ ढवळायला होते. एक बाई तीन महिन्यांचं बाळ घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, बुरखा घातलेल्या, अवघडून. आमच्या सिस्टरनी वेदीच्या कपाटातलं पांढरं कापड काढलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, वेदीवर अंथरायचं. दोन खुर्च्यांना बांधून आडोसा करून दिला, बाळाला पाजायला. मला क्षणभर धस्स झालं, ते पवित्र कापड. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मरियामाईनं गोठ्यात काय वापरलं असेल?"

फादर दिब्रिटोंचा उल्लेख केल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. नंदाखालचे ते. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ ते २००७ केलं आणि ते फक्त आमच्या लोकांचं पत्रक राहू दिलं नाही, सगळ्या विचारांच्या लेखकांना त्यात जागा दिली. हरित वसईच्या लढ्यात ते उभे राहिले तेव्हा विहिरींचं पाणी सगळ्यांचं म्हणूनच उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीसमोर सगळी आळी जमली होती. निवडीला विरोध झाला होता, धमक्या आल्या होत्या, आणि ते मात्र तुकोबा-ज्ञानोबांविषयी प्रेमानं बोलत राहिले. २०२४ च्या जुलैत गेले. त्या दिवसाचं अजून लिहवत नाही.

---

सह्यकडा
मंगळवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे अनुभव मनापासून वाचले. कुणाला दुखवायचं नाही, पण मनात आहे ते विचारतो.

या स्वागतामागे हेतू असतो का? शाळा, दवाखाने, दुष्काळातलं धान्य, यातून धर्मांतरं झाली हा इतिहास आहे. आमच्या तालुक्यात पाच-सहा वर्षांपूर्वी एका घरात आजार बरे करण्याच्या प्रार्थना सुरू झाल्या. माझ्या मावसभावाची बायको आजारी होती म्हणून तो गेला. चार महिन्यांनी त्याला सांगितलं गेलं की घरातले देव बाहेर काढल्याशिवाय गुण येणार नाही. त्यानं काढले. माझी मावशी अजून त्या घरात पाय ठेवत नाही. ते कुठल्या चर्चचे होते मला ठाऊक नाही, पण त्या घरातही सुरुवातीला चहा आणि गोड बोलणंच होतं.

मुक्कामपोस्ट, तुमच्या आजींबद्दल मला शंका नाही. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं वाचणं मला खोटं वाटेल.

---

नगरची_लेक
मंगळवार, रात्री ११:२०

सह्यकडा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. तुमच्या मावशीचं दुःख खरं आहे, आणि भीती घालून जे करवून घेतलं त्याला मी श्रद्धा म्हणत नाही. माझे वडील चर्चचे पाळक (धर्मगुरू), ते असल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याशी भांडले असते. ते असे भांडल्याचं मी पाहिलं आहे.

आता माझं सांगते. मी चौथ्या पिढीची ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. माझे पणजोबा बऱ्याच नंतरचे. गावकुसाबाहेरचे. शाळेत आम्हाला "पोटासाठी बाटलेले" म्हणायचे. मी घरी येऊन रडले तेव्हा आजोबा म्हणाले, "भूक होतीच की. खोटं कशाला बोलायचं? पण माझ्या बापाला भाकरी देणारे याआधीही गावात होते. वरून टाकायचे. ह्यांनी हातात दिली, आणि शेजारी बसून खाल्ली." मी पुढं खूप वाचलं, शिकले, पण या उत्तराच्या पुढं मला जाता आलेलं नाही.

आणि त्या बदल्यात मिळालं काय म्हणाल, तर कागदोपत्री गेलंच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही. त्यामुळे आमच्याकडे कितीतरी घरांत दाखल्यावर एक आणि मनात एक अशी अवस्था आहे. लोभासाठी धर्म धरला म्हणतात तेव्हा हे कुणी बघत नाही.

पण आमचंही सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, मुलीचं लग्न ठरवताना "मूळचे कोण" हे हळूच विचारतात. मी एका शहरात नोकरीला गेले तेव्हा पहिल्या रविवारी चर्चच्या पुढच्या बाकावर बसले, तर एका बाईंनी येऊन सांगितलं, ही आमची नेहमीची जागा आहे. मी उठले. त्या चर्चला परत जायला मला दोन वर्षं लागली. म्हणून या धाग्याचं नाव वाचून मला भरून आलं. सरकून न बसणारी माणसंही त्याच प्रभूचं नाव घेतात.

आणि तरी मी का आहे, तर कापणीच्या सणामुळे. हसू नका. आमच्या गावच्या चर्चमध्ये पीक निघालं की लोक पहिलं फळ आणतात. ज्वारीची कणसं, पोतंभर बाजरी, भोपळे, अंडी, कोंबडा. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. मी नववीत होते तेव्हा एका विधवा बाईनं मेथीची एक जुडी आणली. एकच. त्या वर्षी तिचं काही पिकलंच नव्हतं, कुणाच्या तरी बांधावरची खुडली असेल. लिलाव पुकारणाऱ्या काकांनी ती जुडी दोन्ही हातांनी उचलली, जसा कोंबडा उचलला होता तशीच. बोली लागली. दहा, वीस, पन्नास. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि एक ट्रॅक्टरवाले यांच्यात चढाओढ, तीनशेपर्यंत गेली. मुख्याध्यापकांनी घेतली आणि त्या बाईंनाच देऊन म्हणाले, "बाई, आमच्याकडे कुणी निवडायला नाही. तुम्हीच भाजी करा, आम्ही जेवायला येतो." आणि खरंच गेले, बायकोमुलांसकट, येताना पीठ आणि तेल घेऊन. त्या बाईंच्या घरात त्या दिवशी पंगत बसली. घेणारी ती राहिलीच नाही, यजमानीण झाली.

---

रानवाट
बुधवार, सकाळी ६:५०

"हातात दिली, आणि शेजारी बसून खाल्ली." सकाळी वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते.

---

मुक्कामपोस्ट_शाळा
बुधवार, रात्री ९:०५

नगरची_लेक, तुमचं वाचल्यावर एक गोष्ट लिहायचं धाडस आलं. सह्यकडांच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर आहे.

माझी आई माळकरी. आमच्या घरी मांसमच्छी नाही. आजींकडे रविवारी उपासनेनंतर मटण, एरवी सुकट-बोंबील. मी राहायला गेले त्या आठवड्याच्या बाजारात आजींनी नवा तवा, दोन पातेली, उलथणं आणि पळी आणली. त्यांच्या दांड्यांना, कडांना निळा सुती दोरा बांधला. ती भांडी फक्त माझी. आजी त्यात कधी दुसरं काही शिजवत नसत, घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते माझ्या हक्काचंच वाटलं.

सहाएक महिन्यांनी मला टायफॉइड झाला. आजी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या आणि मला जागं ठेवायला लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांच्या गावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला एक कपबशी टांगलेली असायची, कान तुटलेली. त्यांच्या वडिलांची आणि वस्तीतल्या सगळ्यांची ती एकच. वडील ती स्वतः काढायचे, चहा वरून ओतून घ्यायचे, पिऊन झाला की स्वतः विसळून परत खिळ्याला लावायचे. आजी वडिलांचा हात धरून शेजारी उभ्या.

ज्वरातसुद्धा मला ती निळ्या दोऱ्याची भांडी दिसली. मी म्हटलं, "आजी, मग माझ्यासाठी वेगळी भांडी घेताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

म्हणाल्या, "वाटलं ना. दोन दिस वाटलं. मग प्रभूपुढं मांडलं. तुझ्या आईनं तुला माझ्या घरी टाकलं ते कुठल्या भरवशावर? तो भरवसा मी मोडायचा का? मला वेगळं ठेवलं ते मी खाली राहावं म्हणून. तुझं वेगळं ठेवलं ते तू निवांत जेवावंस म्हणून."

बरं वाटल्यावर मी पहिलं काय केलं, तर दोरे कापले. म्हटलं, आता वेगळं काही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर दोरे परत बांधलेले. आजी म्हणाल्या, "ते तुझ्यासाठी नव्हतंच. तुझ्या आईसाठी हाय."

माझ्या मनात त्या घरातून कुणी काही बदलायला निघालं असतं, तर आधी तो दोरा सुटला असता.

---

जुनी_पानं
बुधवार, रात्री ११:५५

कपबशीवरून आठवलं. मी मराठी शिकवतो, त्यामुळे थोडं जुनं.

१८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी मंडळी होती. सभेनंतर चहा-बिस्किटं पुढं आली. काहींनी घेतली, काहींनी कप हातात धरून ठेवला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं हा प्रश्न आपल्याकडे केवढा मोठा होता ते यावरून कळतं, आणि म्हणूनच नगरची_लेक यांच्या आजोबांचं वाक्य मला इतकं भिडलं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले. डब्यात एक गोरा माणूस होता. त्या काळी साहेबाच्या डब्यात शिरणाऱ्या नेटिवाला काय वागणूक मिळायची ते सांगायला नको. हा माणूस सौजन्यानं वागला, कवितेविषयी बोलत बसला आणि उतरायच्या आधी बायबलमधला नवा करार हाती ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. विद्वान माणूस, वाद घालायची हौस मोठी, पण सुरुवात झाली ती आगगाडीच्या बाकावर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानं जो धक्का बसला तो मात्र विसरू नये. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळत राहिल्या. मनानं वळल्या त्या स्वतःच्या वाटेनं, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० साली. सह्यकडांच्या मावशींचं दुःख वाचताना मला लक्ष्मीबाईंचे ते दिवस आठवले.

तिसरी पंडिता रमाबाई. इंग्लंडात असताना तिथल्या सिस्टर त्यांना लंडनमधलं एक काम दाखवायला घेऊन गेल्या. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं ममतेनं सांभाळत होते. रमाबाईंनी असं कुठं पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ती गोष्ट आपण मराठी माणसांनी नीट वाचावी. भर दुपारी विहिरीवर आलेली बाई, आणि यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला भांडं लागू देत नसत असा तो काळ. येशू तिला पहिली गोष्ट काय म्हणतो? मला प्यायला पाणी दे. तो आधी मागतो. तिच्या भांड्यातलं.

रमाबाई चर्चच्या अधिकाऱ्यांशीही भांडल्या, सगळं मुकाट मान्य केलं नाही. पण ही गोष्ट त्यांनी धरून ठेवली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, अनाथ आणि विधवा मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं.

---

माळावरचा_दवाखाना
गुरुवार, सकाळी ८:३०

विहिरीचं निघालं म्हणून जामखेडचं सांगतो. माझी आई त्या भागातली.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं. वेल्लोरला शिकलेले, मोठ्या शहरात कुठंही जाऊ शकले असते. १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. थोड्याच दिवसांत बहात्तरचा दुष्काळ. गावोगावी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांचा प्रयत्न असा की बोअर दलित वस्तीत लागावी. पाणी तिथं लागलं की हंडा घेऊन सगळ्या गावाला तिकडंच जावं लागे. भाषण नाही, भांडण नाही.

नंतर गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं, त्यातल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या आणि दलित. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या हातून पाटलाच्या सुनेचं बाळंतपण. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आई सांगते, मेबलबाई घरी आल्या की चुलीपुढं पाट न मागता खाली बसायच्या आणि भाकरी थापणाऱ्या बाईशी बोलत बोलत पोराचं वजन विचारायच्या. धर्माचं कुणाशी बोलल्याचं आईला आठवत नाही.

---

थंडीतली_तुळस
गुरुवार, दुपारी ४:१०

मी सध्या इंग्लंडात, लेस्टरजवळ. मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा इथं आलो. नोव्हेंबरचा अंधार, नवरा दिवसभर कामावर, माझं इंग्रजी अडखळत. कोपऱ्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी लहान मुलांना खेळायला बोलवतात. एक पौंड द्यायचा, खेळणी, चहा, बिस्किटं. तीन आठवडे मी बाबागाडी घेऊन दारावरून परत आले. चौथ्या आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, आत मुलं फार दंगा करतात, मला जरा मदत कराल का? मग मी आत गेले. मदतीची गरज त्यांना अजिबात नव्हती हे मला वर्षभरानं कळलं.

जुनी_पानं यांचं "तो आधी मागतो" वाचलं आणि त्या बाई डोळ्यांपुढं आल्या.

---

सह्यकडा
गुरुवार, रात्री १०:००

निळ्या दोऱ्याची गोष्ट दोनदा वाचली. माझा प्रश्न संपला असं म्हणणार नाही. मावसभावाच्या घरात जे झालं ते झालंच, आणि तशा लोकांबद्दल चर्चमधल्या माणसांनी उघड बोलायला हवं असं मला अजूनही वाटतं. पण मी एकाच घरावरून सगळ्यांना मोजत होतो हे कबूल करतो.

मुक्कामपोस्ट, तुमच्या आईंना कधी कळलं का दोऱ्याचं?

---

मुक्कामपोस्ट_शाळा
गुरुवार, रात्री १०:३५

कळलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी आई चार दिवस राहायला आली. येताना दशम्या आणि स्वतःचं पातेलं पिशवीत घालून आणलं होतं, मला न सांगता. स्वयंपाकघरात गेली आणि दोरा बघून विचारलं, हे काय? आजी म्हणाल्या, "तुमचं हाय." आईनं एकेक भांडं उचलून पाहिलं. पिशवीतलं पातेलं काही बाहेर निघालं नाही. संध्याकाळी दोघी त्याच तव्यावर भाकरी करत होत्या, आई थापत होती आणि आजी शेकत होत्या. रात्री प्रार्थनेला आई सतरंजीवर बसली. आजींनी प्रार्थना संपवली तेव्हा सगळे "आमेन" म्हणाले आणि आई सवयीनं "रामकृष्णहरी" म्हणाली. आजोबा म्हणाले, "बरोबर आहे माउली."

त्या वर्षापासून नाताळच्या आधी आमच्या घरून गुळाची ढेप जाते, त्यांच्या करंज्यांसाठी. आजोबा २०१६ मध्ये गेले. तवा आजींनी मला बदलीच्या वेळी बांधून दिला. दोरा अजून आहे, रंग उडालाय.

---

नगरची_लेक
शुक्रवार, सकाळी ७:४५

सह्यकडा, तुमचं म्हणणं मान्य. उघड बोलायला हवं, आणि आमच्यातल्या आम्हीच आधी. या रविवारी मी आमच्या मंडळीच्या पंचांसमोर हा विषय काढणार आहे.

आणखी एक. आमचा कापणीचा सण पुढच्या महिन्यात आहे. धाग्यावरच्या कुणालाही यायचं असेल तर निरोप पाठवा, गाव सांगते. जेवण सगळ्यांना असतं, शाकाहारी वेगळं शिजवतो.

---

सह्यकडा
शुक्रवार, दुपारी १२:२०

मी येऊ शकेन. मावशीलाही विचारून बघतो, ती हो म्हणेल असं वाटत नाही, पण विचारतो. आमच्याकडचा घेवडा सध्या चांगला निघतोय, तो आणला तर लिलावात चालेल का? आणि आत काही नियम असतात का, कुठं बसायचं वगैरे?

---

नगरची_लेक
शुक्रवार, दुपारी १२:५०

घेवडा आणाच. चपला बाहेर काढायच्या, आत सतरंज्याच असतात. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पण तसं कुणी धरून बसत नाही. मावशींना गुडघ्याचा त्रास असेल तर भिंतीकडे खुर्च्या ठेवतो. अकराला उपासना सुरू होते, थोडं आधी या, उजवीकडच्या दाराजवळ वारा येतो. मी तिथं जागा धरून ठेवते.